कुशल मनुष्यबळ व्हायचंय? मग घाई करू नका

नीटमध्ये नंबर लागला नाही म्हणून मुलीला तोंड पाडून बसू देऊ नका. बायोटेकला घाला. देशाला या क्षेत्रात कुशल मनुष्यबळ हवंय. त्यासाठी केंद्रात १९८६ पासून जैवतंत्रज्ञान विभाग आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने बायोई-३ धोरणही मंजूर केलंय. ई-३ म्हणजे इंग्रजीतले तीन ‘ई’: अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार. रोजगाराचा नंबर तिसरा आहे खरा, पण मुंबईकराला रांगेची सवय असतेच. २०३० पर्यंत जैव-अर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरची व्हायची आहे. त्यातले आपल्या डोंबिवलीच्या घरात किती येणार, असले कोते हिशेब मांडू नका.

कॉलेज निवडताना लॅब बघायला जाऊ नका, ब्रोशर बघा. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये वीस मुलं आणि चालू मायक्रोपिपेट (थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलायचं साधन) दोन, हे प्रमाण आदर्श समजा. पिपेटचं बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि सोडताना पार दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबायचं, हे अंगठ्याला कळावं लागतं. शंभरदा केल्याशिवाय कळत नाही. पण अंगठ्याला मार्क नसतात, जर्नलला असतात. तेव्हा जर्नल सुबक ठेवा. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर मशीनचं कव्हर, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी येते त्या आठवड्यात निघतं, तेव्हा दर्शन घ्या. कांद्यातून डीएनए काढायचा प्रयोग मात्र हमखास होईल, कारण त्याला मीठ, भांड्यांचा साबण आणि गार अल्कोहोल पुरतं.

मग एमएस्सी, मग बीईटी, म्हणजे बायोटेकची फेलोशिप परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. ‘महिना’ म्हटलंय म्हणून पवईच्या घरमालकाला पाच तारखेचा शब्द देऊन बसू नका. फेलोशिप येते तेव्हा साठून येते, बचतीची आपोआप सवय लागते.

नाहीच मिळाली, तर सरकारची औद्योगिक प्रशिक्षण योजना आहे. सहा महिने कंपनीत, विद्यावेतनासह. ही योजना खरोखर बरी आहे, उगाच नावं ठेवू नयेत. मशीनला पहिल्यांदा हात लागतो तो इथे. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या नोंदवहीत, चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही, एकच रेघ मारून सही-तारीख घालायची, हे पाच वर्षांत कुणी सांगितलेलं नसतं. इथे पहिल्याच आठवड्यात ओरडा खाऊन कळतं. अडचण एवढीच, की सातवा महिना योजनेत नाही.

सातव्या महिन्यात जाहिराती वाचा. ‘फ्रेशर हवेत, अनुभव किमान दोन वर्षं.’ यात विसंगती शोधण्यापेक्षा आणखी एक कौशल्य कोर्स लावा. प्रत्येक कोर्सला तुम्ही नव्याने प्रशिक्षित होता, देशाचा आकडा वाढतो, आणि सर्टिफिकेट वाटपाच्या फोटोत मंत्र्यांच्या मागे उभं राहायला मिळतं. चेहरा दिसेल असं उभं राहा.

कुणीतरी काका परळच्या हाफकिन संस्थेचा दाखला देतीलच. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिननी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या फौजेवर लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून घेतली. काकांना चहा द्या. त्या तीन शिपायांपैकी एकाकडेही कौशल्याचं सर्टिफिकेट नव्हतं, हे विसरून कसं चालेल?

आणि अगदीच काही जमलं नाही, तर ऐरोलीत मेडिकल कोडिंग आहेच. अमेरिकेतल्या कुणा आजोबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला बरोबर कोड लावायचा. पगार तारखेला, रात्री घरी सोडायला कॅब. कमिटीच्या नजरेने बघितलं तर हेही जीवशास्त्रच. तिथेही आधी ट्रेनिंग असतं, मुलीला ते मन लावून करू द्या. त्याचंही सर्टिफिकेट देतात.