चावी संपली की घड्याळ थांबतं, कुणाला घेऊन जात नाही

काल मावशीचा फोन आला, काकांचं टोल्याचं घड्याळ भंगारवाल्याला देऊन टाकते म्हणाली. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. म्हणे इंग्लंडात पिअर्सब्रिजच्या जॉर्ज हॉटेलात जेन्किन्स नावाचे दोन अविवाहित भाऊ होते, एक गेला तसं तिथलं घड्याळ मागे पडायला लागलं, दुसरा गेला तेव्हा बंदच पडलं, त्यावरून 'माय ग्रँडफादर्स क्लॉक' हे इंग्लिश लोकगीत आलं, आणि म्हणून गेलेल्या माणसाचं घड्याळ घरात ठेवू नये, ते पुढच्याला नेतं!

एकट्या राहणाऱ्या बाईला असलं काही पाठवताना हात कसा धजतो? काका दर रविवारी स्टुलावर चढून चावी द्यायचे. आठ दिवसांची चावी. शेवटचे तीन आठवडे ते दवाखान्यात होते, मावशी त्यांच्या उशाशी, मग घरी चावी देणार कोण? थांबणारच ना ते! बरं, ज्या गाण्याचा दाखला देताय ते तरी पूर्ण वाचा, त्यातच म्हटलंय की या घड्याळाचं मागणं एकच, आठवड्याअखेरीस चावी द्या.

लोकगीत वगैरे काही नाही, ते १८७६ साली अमेरिकेतल्या हेन्री क्ले वर्कने लिहिलं, मग इंग्लंडात घरोघरी पियानोभोवती गायलं गेलं. भावांचं म्हणाल तर गाण्यात भाऊच नाहीत, नातू आजोबांची गोष्ट सांगतोय. हे आजोबा लग्न करून नवरी घरात आणतात तेव्हा घड्याळ चोवीस टोले देतं, आणि ते नव्वद वर्षं न थांबता चालतं, मागे पडत नाही. वर १८७८ मध्ये वर्कनेच पुढचा भाग लिहिला, त्यात ते घड्याळ भंगारात विकलं जातं. मग हॉटेलातलं ते हेच कसं?

हॉटेल खरं आहे, तिथे जुनं घड्याळ दाखवत आलेत, तेवढं मान्य. आणि त्या उंच उभ्या घड्याळांना ग्रँडफादर क्लॉक हे नाव या गाण्यामुळेच पडलं, ऑक्सफर्डची डिक्शनरीही तेच सांगते. पण नाव पडलं म्हणून गोष्ट खरी होत नाही.

मावशीला सांगितलंय, घड्याळ पोत्यातून काढून ठेव, रविवारी येतोय, चावी देवघराच्या खणात असेल बघ.