फुकटच्या कन्व्हर्टरने आवाज बिघडतो म्हणे, तर एकेक मुद्दा बघूया

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात: फुकट सॉफ्टवेअरने ऑडिओ कन्व्हर्ट केला की आवाज खराब होतो, जुन्या एमपीथ्री फाइल फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न टाकता साठवणारा फॉरमॅट) केल्या की क्वालिटी वाढते, व्हिडिओतून आवाज काढला की तो बिघडणारच, एमपीथ्री बनवायला लायसन्स लागतं, आणि ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, कुणीही व्हायरस घुसवू शकतो त्यामुळे त्यापेक्षा एखाद्या वेबसाइटवर फाइल अपलोड करा. माझ्या मावशीने यातली दुसरी गोष्ट खरी धरून आजीच्या गाण्यांच्या फाइल्सचं जे काही करून ठेवलंय ते बघितल्यावर मला गप्प बसवेना.

पहिला मुद्दा, फुकट म्हणजे खराब. आवाज बिघडतो तो फॉरमॅट आणि सेटिंगमुळे, सॉफ्टवेअर विकत घेतलंय का याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. एमपीथ्री, एएसी, ओपस हे सगळे कानाला कमी जाणवणारा भाग टाकून देऊन फाइल लहान करतात. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट असतो आणि एमपीथ्रीत जास्तीत जास्त ३२० बसतात, म्हणजे कितीही महागाचं सॉफ्टवेअर आणा, काहीतरी टाकावं लागणारच. आता काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवतो तो एन्कोडर, आणि एमपीथ्रीसाठी जो सगळ्यात चांगला एन्कोडर मानला जातो तो लेम, १९९८ पासून चालत आलेला, फुकट आणि ओपन सोर्सच आहे. ऑडिओ-व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं एफएफएमपेग हेही तसंच फुकट, २००० पासून आहे आणि व्हीएलसीत तुम्ही जे काही वाजवता त्यातलं बरंचसं त्याच्याच लायब्ररीने उघडतं.

पण लोकांना हा अनुभव येतो कुठून, तेही सांगतो, कारण ते खोटं बोलत नाहीयेत. एफएफएमपेगला काहीच न सांगता नुसतं एमपीथ्री कर म्हटलं तर तो १२८ किलोबिटवर करतो. तेवढ्यात झांजेसारखे वरच्या पट्टीतले आवाज चिरकायला लागतात. मग दोष जातो सॉफ्टवेअरला. व्हेरिएबल बिटरेट (गरजेप्रमाणे सेकंदाचे किलोबिट कमीजास्त करणारं सेटिंग) निवडा आणि क्वालिटी २ ठेवा, सरासरी १९० च्या आसपास जातो, ० ठेवली तर २४५ च्या, आणि मग मूळ फाइलशेजारी लावून ऐका, बहुतेकांना फरक ओळखता येत नाही.

आणि फ्लॅकबद्दल शंका असेल तर स्वतःच तपासा. एक वेव्ह फाइल (न दाबलेला, कच्चा ऑडिओ) घ्या, एफएफएमपेग किंवा फ्रेॲक या दुसऱ्या फुकट कन्व्हर्टरने तिची फ्लॅक करा, दोन्ही ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ एडिटरमध्ये एकाखाली एक उघडा, एका ट्रॅकला इन्व्हर्ट लावा (तो लहर उलटी करतो, म्हणजे दोन्हीत सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं) आणि दोन्ही मिक्स करा. जे उरतं ती सपाट रेघ, पूर्ण शांतता. एक सॅम्पलसुद्धा (आवाजाचं एकेक मोजमाप) इकडचा तिकडे झालेला नसतो. (फ्लॅक ऑडॅसिटीतूनच एक्स्पोर्ट करणार असाल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये डिथर बंद करा, नाहीतर तो बारीक नॉइज मिसळू शकतो आणि तुम्ही उगाच फ्लॅकला नावं ठेवाल.)

आता दुसरा मुद्दा, आणि याचाच मला खरा राग आहे. मावशीकडे आजीची गाणी होती, कॅसेटवरून कुणीतरी १२८ च्या एमपीथ्रीत करून दिलेली. मेसेज वाचून तिने सगळ्या फ्लॅकमध्ये केल्या, तासाभराची फाइल ५८ एमबीची होती ती कित्येक पट फुगली, साइज वाढला म्हणजे क्वालिटी वाढली असं वाटून तिने एमपीथ्री डिलीट केल्या, मग फोनमध्ये जागा पुरेना म्हणून त्या फ्लॅकच्या परत एमपीथ्री केल्या आणि फ्लॅकही उडवल्या. एमपीथ्री करताना जे एकदा टाकून दिलं ते फ्लॅक कुठून आणणार? तो फक्त मिळालं ते जसंच्या तसं जपतो. फ्लॅक करून नुकसान काहीच झालं नव्हतं, जागा तेवढी वाया गेली. नुकसान झालं ते शेवटच्या पायरीला, आधीच कापलेल्या आवाजाला दुसऱ्यांदा कात्री लागली, आणि आता आजीच्या आवाजाभोवती पाण्यात बुडाल्यासारखी खरखर येते. असं लिहिणाऱ्याने एकदा तरी करून बघायला हवं होतं.

तिसरा, व्हिडिओतून आवाज. एमपीफोर हा नुसता डबा आहे, आत बहुतेक वेळा एएसी ऑडिओ असतो. एफएफएमपेगला ऑडिओ कोडेक कॉपी असं सांगितलं की तो डबा उघडून आतला ऑडिओ जसाच्या तसा एमफोरए फाइलमध्ये ठेवतो, परत एन्कोड करतच नाही, त्यामुळे बिघडायचा प्रश्नच नाही आणि तासाभराच्या व्हिडिओलाही काही सेकंद लागतात. बिघडतो तो त्याचा एमपीथ्री केला तर, आणि एमफोरए आजकाल जवळजवळ सगळीकडे वाजत असताना तो करायची गरजच काय.

लायसन्सचं एकेकाळी खरं होतं. पेटंटमुळे ऑडॅसिटीत लेम वेगळा डाउनलोड करून टाकावा लागायचा. ती पेटंटं संपली आणि २०१७ मध्ये लायसन्सिंगही बंद झालं. विषय संपला.

राहिला व्हायरस. ओपन सोर्सचा कोड कुणीही घेऊन आपल्या कॉपीत बदलू शकतो हे बरोबर, पण मूळ प्रोजेक्टमध्ये बदल घ्यायचा का हे ते सांभाळणारे लोक तपासून ठरवतात. खरा धोका आहे तो सारख्या नावाच्या बनावट डाउनलोड साइट्सचा, म्हणून प्रोजेक्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि अपडेट करत राहा, कारण बग यातही सापडतात. पण यावर उपाय म्हणून अनोळखी वेबसाइटवर फाइल अपलोड करा हा सल्ला मला अजिबात पटत नाही. घरातल्या माणसाचा आवाज, ऑफिसची मीटिंग, डॉक्टरांशी झालेलं बोलणं, हे दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलं की त्याचं पुढे काय होतं ते तुमच्या हातात राहत नाही. एफएफएमपेग नेट बंद करूनही चालतो.

मावशीची मूळ कॅसेट सापडलीये आणि अजून वाजते. या वेळी वेव्हमध्ये रेकॉर्ड करतोय, त्याची फ्लॅक करून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवणार, आणि तिच्या फोनसाठी त्या फ्लॅकवरून एकदाच एमपीथ्री.