बरं वाटलं की गोळ्या बंद!

दोन आठवडे खोकला राहिला तरी घाबरू नका बाप्पा. आरोग्य केंद्रात जाल तर डबी देतील, बेडका काढायला सांगतील. खर्रा खाऊन सारा गाव फुकटात थुंकते, मंग डबीत थुंकाले लाज काहून, असं आशाताई विचारेल. उत्तर देऊ नका. तो बेडका सीबीनॅट यंत्रात गेला की दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळतं. एवढ्या लवकर खरं कळून करायचं काय? चौकातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून घ्या.

तरी गोळ्या सुरू झाल्याच, तर दोन महिने मन लावून घ्या. लघवी नारिंगी होईल, भूक लागेल, खोकला थांबेल. तोवर बोंडं फुटतात, वेचायला माणूस मिळत नाही. हाच मुहूर्त! उरलेले चार महिने डॉक्टरांनी मोजावेत. कच्चे जंतू मेलेले असतात, चिवट तेवढे उरतात. त्यांना आता मोकळं रान. आपल्याला हे नवीन नाही. बीटी कापसाच्या बियाण्याच्या बॅगेसोबतची बिगर-बीटीची पुडी बांधावर भिरकावून बीटी पचवणारी गुलाबी बोंडअळी आपणच पोसली ना?

रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड, दोन्ही औषधं पचवणारा जंतू तयार झाला की तुम्ही एमडीआर. पूर्वी यात मजा होती: दीड-दोन वर्षं उपचार, महिनोन्‌महिने सुया, कुणाचे कान कायमचे गेले. आता बेडाक्विलिन नावाच्या नव्या गोळीने घोळ केला. कंपनीला त्याचं पेटंट लांबवायचं होतं. टीबीतून उठलेल्या दोन बायांनी हरकत घेतली आणि 2023 मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. आता सहा महिन्यांचा कोर्स आलाय. तोही अर्धवट सोडता येतो, निराश होऊ नका.

सरकारही पाठीशी आहे. टीबी संपवायला जगाने 2030 ची मुदत धरली, आपण 2025 ची. अन् 2024 मध्ये गोळ्यांचाच तुटवडा. केंद्राने राज्यांना लिहिलं, तिकडेच विकत घ्या. म्हणजे गोळ्या सोडायचे कष्टही वाचले. पोषणाचे महिना 1000 रुपये खात्यात पडले, तर अंडी-डाळीत घालवू नका, खर्रा महागलाय.

आणि टीबी सुनेला निघाला, तर तिला माहेरी धाडा. आरोग्य केंद्राला पत्ता कळवू नका, बभ्रा होतो. तिथं भावाची लेकरं तिच्याच खोलीत झोपतील; जंतूलाही नवं गाव पाहायला मिळेल.