ग्लासातल्या पाण्यात लसणाचा गड्डा धरत नाही

गेल्या जुलैत आईने स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या ग्लासात लसणाच्या सहा पाकळ्या ठेवल्या. फॅमिली ग्रुपवर फिरत आलेल्या व्हिडिओत तसं सांगितलं होतं: पाकळ्या सोला, पाण्यात ठेवा, तीस दिवसांत घरचा गड्डा तयार, बाराही महिने जमतं, आणि पुन्हा लसूण विकत आणायला नको. दहाव्या दिवशी छान पात आली. पंचविसाव्या दिवशी पाकळ्या गिळगिळीत झाल्या, पाण्याला वास येऊ लागला. आई म्हणाली, "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत." ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हतीच. म्हणून त्या व्हिडिओतला एकेक दावा इथे तपासतेय.

"तीस दिवसांत गड्डा." आपल्याकडच्या लसणाला लावल्यापासून काढेपर्यंत साधारण १२० ते १४० दिवस लागतात. सुरुवातीचे दोनेक महिने झाड मुळं आणि पानं वाढवण्यात घालवतं. थंड रात्री मिळाल्या की बुडाशी नव्या पाकळ्यांचे कोंब धरतात. मग दिवस मोठा होत जातो, ऊन वाढतं, तसं पानांनी तयार केलेलं अन्न खाली उतरून पाकळ्या भरतात. थंडीच मिळाली नाही तर झाड नुसती पात देतं, फार तर एककळी गोळा धरतं. व्हिडिओत तिसाव्या दिवशी पाण्यातून वर काढलेला गड्डा नीट पाहा. त्याची साल कोरडी, कुरकुरीत, पांढरीशुभ्र आहे. तशी साल गड्डा काढून, सावलीत कित्येक दिवस सुकवल्यावर येते. महिनाभर पाण्यात असलेल्या गड्ड्याला ती येणार कुठून?

"फक्त पाणी पुरे." पाण्यात पाकळीला कोंब फुटतो तो तिच्या स्वतःच्या साठ्यावर. पात वाढते तशी पाकळी आतून रिकामी होते, आणि नुसत्या नळाच्या पाण्यातून तिला परत भरून निघण्याइतकं काही मिळत नाही. मग ती सडते. आईच्या ग्लासात नेमकं हेच झालं.

यातला खरा भाग मात्र मी मनापासून मान्य करते. पातीसाठी ही रीत उत्तम आहे. फक्त बूड ओलं राहील एवढंच पाणी घाला, अख्खी पाकळी बुडवू नका. पात वीतभर झाली की कापून चटणीत, थालीपिठात घाला. दोन-तीनदा कापता येते. पाणी मात्र एक दिवसाआड बदलाच. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. पावसाळ्यात लाखो लोकांना "ग्लास भरून खिडकीत ठेवा" सांगताना त्या व्हिडिओने याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

"पाकळ्या सोलून लावा." नको. साल पाकळीला कुजण्यापासून जपते. गड्डा लावायच्या दिवशीच फोडा, बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या घ्या, टोक वर आणि चपटं बूड खाली.

"बाराही महिने जमतं." लसूण हे रब्बीचं पीक. दसरा ते दिवाळी हा लावणीचा काळ धरला तर महाशिवरात्र-होळीच्या सुमारास काढणी येते. मार्चमध्ये निघालेला नवा लसूण काही आठवडे सुप्तावस्थेत असतो; एप्रिलमध्ये तो लावला तर कोंबाची वाट बघत बसावं लागतं. त्यात वाणाचा प्रश्न वेगळाच. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा ओंकार आणि भीमा पर्पल, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता, फुले बसवंत हे आपल्या हिवाळ्यातल्या लहान दिवसांत गड्डा धरणारे वाण. उलट ॲग्रीफाउंड पार्वतीसारखा डोंगराळ भागातला, मोठ्या पाकळीचा लसूण लांब दिवस मागतो. बाजारातून टपोरी पाकळी बघून आणलेला लसूण तसला निघाला, तर आपल्याकडे पानांचा झुपका मिळेल, गड्डा मिळणार नाही. म्हणून बियाण्याला आकारापेक्षा गाव विचारा. जवळपासच्या शेतकऱ्याचा लसूण सगळ्यात बरा.

"पुन्हा विकत आणायला नको." हा हिशेब करून बघू. शिफारशीप्रमाणे १५ बाय १० सेंटीमीटरवर लावलं तर एका चौरस मीटरमध्ये ६६ झाडं बसतात. गड्डा सरासरी २० ग्रॅमचा धरला तर सव्वा किलोच्या थोडा वर लसूण. आमच्या घरी पंधरा दिवसांना पाव किलो लागतो, म्हणजे वर्षाला सहा किलो. त्यासाठी साडेचार-पाच चौरस मीटर उन्हाची जागा हवी, तीही चार-साडेचार महिने अडकलेली. गच्ची असेल त्याने जरूर करावं. ग्रिलमधल्या चार कुंड्यांकडून ही अपेक्षा धरू नये.

ऑक्टोबरात आम्ही त्याच चार कुंड्या घेतल्या, बारा इंची, प्रत्येकीत पाच पाकळ्या. माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट; पाकळी बोटाच्या पहिल्या पेराइतकी खोल. दिवसाला पाच-सहा तास ऊन लागेल अशा बाल्कनीत कुंड्या हलवल्या. जानेवारीत पानांवर फुलकिडे आले, निंबोळी अर्क दोनदा फवारला. फेब्रुवारीअखेर पानं पिवळी पडू लागली आणि मानेजवळ बारीक गाठ दिसली. शेतकरी याला लसणी फुटणं म्हणतात. तिथून आईने पाणी तोडलं आणि पंधरा दिवसांनी झाडं उपटली.

वीसपैकी सतरा निघाली. ठाण्याचा हिवाळा नाशिकसारखा नाही, त्यामुळे गड्डे लिंबापेक्षा लहान, आणि तीन तर एककळी. पाती न कापता आईने त्यांची जुडी बांधून सावलीत टांगली. एककळी मात्र तिने सुकू दिले नाहीत, त्याच संध्याकाळी वरणाच्या फोडणीला घातले.