पोरीला सांगायचं कधी?

परवा बेळगावच्या शहापुरात आमच्या कट्ट्यावर चहा येईपर्यंत भांडण पेटलं. निमित्त आमचा दोस्त. त्याच्या घरी दोन महिन्यांपूर्वी शिशुगृहातून साडेतीन वर्षांची दत्तक लेक आली. पोर कन्नड बोलते, घर मराठी. पाणी हवं की 'नीरु', नको की 'बेडा'. तेवढं घरानं शिकून घेतलं. पण सकाळी उशीखाली चपातीचे तुकडे सापडतात, आणि आजी म्हणते, ही चोरटी खोड आत्ताच मोडा.

"मोडायची कशाला?" मास्तर म्हणाले. "आजवर जवळची माणसं बदलत गेली, तिला भरवसा कशाचा? उशाशी खाऊचा डबा ठेव, तिच्या हाताला लागेल असा."

"डबा ठेवलाय. पण गल्लीत कुणाच्याही कडेवर जाते, आणि आईनं जवळ घेतलं की अंग आखडते. बायको रात्री रडते, मला आईपण जमेना म्हणून."

सगळे गप्प. बाळंतिणीला डिंकाचे लाडू घेऊन दहाजणी येतात. हिच्याकडं कोण गेलं? आमच्याही घरातून कुणी गेलं नव्हतं.

"पुण्याचं काम केलंस बघ," अण्णा म्हणाले.

"पुण्य नको म्हणू अण्णा. मला लेक पाहिजे होती."

"बरं. पण पोरीला काही सांगू नका. कोर्टाचा हुकूम झाला की जन्मदाखल्यावर तुमचंच नाव. विषय मिटला."

"कोर्ट नव्हे, २०२२ पासून हुकूम डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात," वकील म्हणाला. "दाखल्यावर नाव येतं, खरं. गल्लीची तोंडं कशी बंद करणार? पोर घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेची माणसं विचारपूस करतात. त्या माणसांनाच विचार, कसं सांगायचं ते."

अण्णा हटेनात. "आमच्याकडं दत्तक नवं नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मानं १८२४ ला शिवलिंगप्पाला घेतलं, इंग्रजांनी मानलं नाही म्हणून लढाई झाली."

"ते गादीसाठी, अण्णा. पोराला काय वाटलं, कुणी विचारलं?"

मग मी बोललो. वीस वर्षं या कट्ट्यावर बसतोय, कधी सांगितलं नव्हतं. मी थोरल्या काकांकडं दत्तक गेलेला. घरातल्या घरात, म्हणून मला सांगायची कुणाला गरज वाटली नाही. तेरा वर्षांचा होतो. खानापूरला लग्नाच्या पंगतीत एक बाई म्हणाली, "हाच नव्हे काय धाकटीचा पोरगा?" जिला मी काकू म्हणायचो ती बुंदीचं पातेलं धरून तशीच उभी राहिली. मी पानावरून उठलो. मला दिलं याचा राग नव्हता. अख्ख्या पंगतीला माहीत होतं आणि मला नव्हतं, याचा होता. पुढं आईनं एक धपाटा घातला तरी वाटायचं, सख्खा असतो तर? लाड केले तरी तेच.

बराच वेळ फक्त गल्लीतल्या विणकरांच्या मागांचा खडखडाट.

"मग सांगायचं कधी?" दोस्तानं विचारलं.

"आजपासून. झोपताना गोष्टीसारखं. आम्ही तुला आणायला आलो तेव्हा तू कुठला फ्रॉक घातला होतास, वाटेत काय खाल्लंस. आणि पहिल्यांदा कन्नडमध्ये सांग."

"मला बाजारापुरतंच येतं की रे."

अण्णांनी कप खाली ठेवला. "सांगायचं का नाही ते तुझं तू बघ. मला पटलेलं नाही. पण कन्नड शिकवायला उद्या येतो. सहा वाजता घरी अस."