चार लोकांची पोटं बिघडली नव्हती, 751 जणांना जंतू चारले होते

'वाइल्ड वाइल्ड कंट्री' ही ओशोंच्या अमेरिकेतल्या कम्यूनवरची 2018 ची मालिका पाहून कुणीतरी लिहिलेला मजकूर सध्या फिरतोय. ओशो निर्दोष सुटले, ते तर मौनात होते, जे केलं ते त्यांच्या सेक्रेटरीनं, शीलानं, विषबाधेचा उगाच बाऊ झाला, चार लोकांची पोटं बिघडली, आणि शेवटी अमेरिकेनंच त्यांना थॅलियम हे विष दिलं. माझ्या मावशीनं तो घरच्या ग्रुपवर 'डोळे उघडले' असं लिहून टाकला, तेव्हा गप्प बसवेना.

आधी ते 'चार लोक'. सप्टेंबर-ऑक्टोबर 1984, अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातलं द डॅल्स हे गाव. तिथल्या दहा हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये कम्यूनच्या लोकांनी साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू मिसळले आणि 751 माणसं आजारी पडली. हा आकडा कुणा द्वेष्ट्याचा नाही. साथरोगतज्ज्ञांनी 1997 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात सगळा तपास मांडला आहे. कम्यूनच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत सापडलेले जंतू रुग्णांच्या जंतूंशी जुळले. नोव्हेंबरात काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, निवडणूक होती. मतदानाच्या दिवशी गावकरी अंथरुणाला खिळावेत आणि कम्यूनचे उमेदवार जिंकावेत, असा बेत होता आणि ही त्याची तालीम होती. आरोग्य खात्यानं आधी संशय घेतला तो हॉटेलात राबणाऱ्यांच्या हातांवर. खरं कळायला वर्ष गेलं. तेवढा काळ त्या कामगारांनी हा ठपका सोसला, आणि हा मजकूर लिहिणाऱ्याला तो बाऊ वाटतो!

मौन? लोकांपुरतं होतं. शीला रोज ओशोंना भेटत होती आणि तिला त्या जागी बसवलं होतं त्यांनीच. जंतूंचा हुकूम त्यांचा होता हे कोर्टात सिद्ध झालेलं नाही, शीलावर जाहीर आरोपही पुढे त्यांनीच केले, हे मान्य. पण 'निर्दोष सुटले' हे साफ खोटं. नोव्हेंबर 1985 मध्ये इमिग्रेशनच्या दोन गुन्ह्यांत त्यांनी गुन्हा कबूल न करता शिक्षा पत्करली: दहा वर्षांची स्थगित कैद, 4 लाख डॉलर भरणं आणि देश सोडणं.

थॅलियमचा आरोप त्यांचा स्वतःचा. जानेवारी 1990 मध्ये पुण्यात ते गेले, त्याच संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले, शवविच्छेदन झालंच नाही. मग पुरावा कुठला?

एक खरं आहे. स्थानिकांच्या मनात विखार होता, सरकारलाही हे लोक नकोच होते, आणि 1983 मध्ये पोर्टलंडमधल्या त्यांच्या हॉटेलात बॉम्बही फुटला.

मला मालिकेचा राग येतो तो वेगळ्याच कारणानं. सहा भाग शीला आणि ओशोंच्या वकिलाला भरभरून बोलू देतात, पण कम्यूनमधल्या मुलांबद्दल जवळजवळ गप्प राहतात. त्या वातावरणात वाढलेल्या बायकांनी लहानपणी झालेल्या लैंगिक शोषणाबद्दल 2024 च्या एका माहितीपटात कॅमेऱ्यासमोर सांगितलं आहे. ते फक्त ऑरेगॉनचं नाही, आपल्या कोरेगाव पार्कच्या आश्रमातलंही आहे.