कुत्रा पळाला म्हणून बेइमान ठरत नाही

पंधरा दिवसांत एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. पहिल्यांदा भावकीच्या, मग आळीच्या, मग शाळेच्या मैत्रिणींच्या आणि शेवटी आमच्या दूधसंकलनवाल्यांच्या ग्रुपवर. 'पाळलेला कुत्रा पळून जातो? हे करा, पुन्हा उंबरा ओलांडणार नाही,' असा मथळा. आतला सांगावा थोडक्यात असा: पळणारा कुत्रा बेइमान, आणि गावठी तर असतोच. त्याला महिनाभर आखूड साखळीने बांधा. पळून परत आला की दारातच चोप द्या आणि एक वेळ उपाशी ठेवा. कुंपणाला शेतातलं झटका मशीन जोडा. नसबंदी करा, प्रश्न कायमचा मिटेल. एवढं करूनही तीनदा पळाला तर सोडून द्या, त्याचा जीव तुमच्या घरात नाही.

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. माणसं खरंच सोडून देतात. आमच्या फाट्यावर गळ्यात पट्टा असलेली कुत्री येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत बसलेली मी पाहिली आहेत.

आधी बेइमानीचं बघू. आमचं घर जुन्नर तालुक्यात, गावाच्या कडेला. तीन बाजूंना ऊस आणि पुढे डांबरी रस्ता. आमचा कुत्रा ठिपक्या गावठी, तांबूस अंगाचा, पाठीवर पांढरे ठिपके. पहिलं दीड वर्ष तो सारखा निसटायचा आणि आम्ही सारखे शोधत फिरायचो. मग मी एक काम केलं. तो कधी गेला, कुठून गेला आणि कुठे सापडला, एवढ्या तीन गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले. महिनाभरात चित्र समोर आलं. बहुतेक वेळा तो सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेचारच्या सुमाराला, गेटखालच्या फटीतून गेलेला होता. त्या वेळी शाळा सुटते. पोरं जाता जाता डब्यातला उरलेला चपातीचा तुकडा त्याला द्यायची, त्याच्याशी दंगा करायची. रविवारी त्याच वेळी ठिपक्या पायरीवर गाढ झोपलेला असायचा.

सकाळपासून तीन गुंठे अंगणात एकटा असलेला तरणा प्राणी सोबतीला आणि तुकड्याला बाहेर पडला, याला बेइमानी म्हणायचं? चार वाजता त्याला दोरीला लावून ओढ्यापर्यंत अर्धा-पाऊण तास फिरवायला लागले, वाटेत मनसोक्त हुंगू दिलं, आणि गेटखाली फळी ठोकली. साडेचारचं पळणं थांबलं.

पण तो पुढे भाद्रपदात गेला, तीन दिवसांनी फाटक्या कानाने आला. त्यानंतर दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री गेला. वर्षभरात एकदाही न उडालेल्या भिंतीवरून तेव्हा तो उडाला. म्हणजे एकाच कुत्र्याच्या पळण्याला तीन वेगळी कारणं होती: कंटाळा, माज (म्हणजे मिलनाच्या दिवसांतली ओढ) आणि भीती. कंटाळलेल्याला फिरवणं लागतं. घाबरलेल्याला फटाक्यांच्या वेळी फिरवायला नेलं तर तो दोरी तोडून जाईल. त्या मजकुरात 'कुत्रा कुठे जातो' हा प्रश्नच नाही, आणि माझ्या मते सगळी चूक तिथून सुरू होते.

राहिला गावठीचा मुद्दा. ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या वाडी, उकिरडा, खळं, बांध अशा मोकळ्या मुलखात वाढली. आपली हद्द त्यांना पक्की ठाऊक असते. आपण अलीकडे बांधलेल्या भिंतीशी ती जुळत नाही, इतकंच. आणि विकतची कुत्री पळत नाहीत असं मुळीच नाही. बीगल सशाच्या वासामागे धावण्यासाठी पैदास केलेली जात, हस्की बर्फातून दूरवर गाडी ओढण्यासाठी. फट मिळाली की तीही जातात, आणि त्यांना तर परतीची वाटही बऱ्याचदा सापडत नाही. ठिपक्या प्रत्येक वेळी आला.

'आखूड साखळीने महिनाभर बांधा.' साखळीने कुत्रा जागेवर राहतो हे खरं, पण वळण काही लागत नाही. ज्या कंटाळ्याने तो बाहेर जात होता तो दुपटीने वाढतो. जवळ येणाऱ्यापासून बाजूला होता येत नाही, म्हणून तो अंगावर जायला शिकतो. साखळी सुटली त्या दिवशी तो पहिल्यापेक्षा लांब जातो. आमच्याच रस्त्यावर एका घरी जेमतेम दोन हात साखळीवर वाढलेला कुत्रा होता. त्याच्या मानेभोवतीचे केस गेले होते, आणि तो गोल गोल फिरून जमिनीत चर पडला होता.

कायदाही याबाबत गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा आहे. पहिल्यांदा असा गुन्हा केला तर दंड १० ते ५० रुपये. रक्कम अजून १९६० मध्येच अडकली आहे, म्हणून कोणी भीत नाही. पण हे चालतं असं समजू नये.

आमच्या भागात साखळीविरुद्धचं सगळ्यात मोठं कारण मात्र बिबट्या. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं होतं. वजनाच्या हिशोबाने त्यात ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. उसाच्या कडेला रात्री अंगणात बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येतं, ना लपता येतं. असा कुत्रा अंगणात ठेवणं म्हणजे बिबट्याला घराच्या दारापर्यंत बोलावणं, जिथे आपली लेकरंही असतात. रात्री कुत्रा बंद पडवीत, गोठ्यात किंवा घरात हवा. बांधून नव्हे, दार लावून.

'परत आला की चोप द्या. तो कान पाडून, शेपूट घालून येतो, म्हणजे आपली चूक त्याला कळलेली असते.' हे वाक्य वाचणाऱ्याला पटतं, कारण दिसतं तसंच. पण २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच तपासलं. मालकाने खाऊला तोंड लावू नको असं बजावून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही ते मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, आणि काहीच न खाल्लेली, उगाच बोलणी बसलेली कुत्री तर जास्त अपराधी दिसली. शेपूट घालणं ही कबुली नसते. समोरच्या माणसाचा राग ओळखून त्याला शांत करायची ती खटपट असते.

आता दारात काठी घेऊन उभं राहिल्यावर काय होतं ते कुत्र्याच्या बाजूने बघा. पळाला सकाळी, मार बसला दुपारी, घरात शिरताना. कुत्रा मार जोडतो तो त्या क्षणी चाललेल्या गोष्टीशी, म्हणजे घरी येण्याशी. दोन-तीनदा असं झालं की तो लांबून बघतो, आपण पुढे गेलो की मागे सरकतो. मग लोक म्हणतात, बघा, हाक मारली तरी येत नाही.

मी याच्या उलट केलं, आणि पहिल्यांदा ते फार जड गेलं. दोन तास शोधून, पाय चिखलात भरवून परतल्यावर समोरून तो येतो, तेव्हा हात शिवशिवतात. तरीही प्रत्येक वेळी 'आला गं माझा' म्हणून जवळ घ्यायचं आणि चिमूटभर सुकट द्यायची. सुकटीचा वास त्याला शेताच्या पलीकडून कळतो. 'ठिपक्या, ये' ही हाक फक्त चांगल्या गोष्टींसाठी राखून ठेवली. आंघोळीला, औषधाला किंवा बंद करायला मी स्वतः त्याच्यापाशी जाते, हाक मारत नाही. तीसेक फुटांच्या सुती दोरीवर मोकळ्या रानात रोज दहा मिनिटं हाकेचा सराव केला. गेट उघडण्याआधी 'थांब' म्हणायचं, तो थांबला की मगच कडी काढायची. याला चार महिने लागले.

झटका मशीनबद्दल थोडक्यातच सांगते. तारेत विजेचा झटका सोडणारं ते यंत्र रानडुकरांपासून पीक राखायला आहे. भेदरलेला कुत्रा वेगात तार पार करून जातो आणि आत येताना मात्र त्याच तारेला भितो, म्हणजे पळायला मोकळीक आणि परतायला मज्जाव. मशीनऐवजी थेट घरातली वीज तारेत सोडणारेही आहेत. त्याने कुत्राच काय, माणूस मरतो. गळ्यात बांधायचे विजेचे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बंद आहेत. भिंतीवर काचा रोवण्याचा सल्लाही त्यात जोडून येतो. काचेने पंजा फाटतो, पळणं थांबत नाही.

कुंपणाची गोष्ट करायची तर आधी गेटकडे बघा. माझ्या पाहण्यात भिंतीवरून उडून जाणारी कुत्री थोडी. बाकीची दूधवाला, गॅसवाला, कुरिअरवाला यांच्या पायांतून जातात, नाहीतर गेटखालून. आम्ही गेटच्या आत पाच फुटांवर बांबूच्या कामट्यांचं दुसरं छोटं फाटक बसवलं, आपोआप मिटणारं. एक उघडं असेल तेव्हा दुसरं लागलेलं असतं. एवढ्या एका गोष्टीने जे साधलं ते भिंतीवर घातलेल्या पैशांनी साधलं नसतं.

भिंतीची उंची जमिनीपासून मोजू नका. कुत्रा जिथे पाय टेकतो तिथून मोजा. पाच फुटी भिंतीला धुण्याचा दगड, विटांचा ढीग किंवा जुनी टाकी लागून असेल तर ती भिंत अडीच फुटांचीच राहते. तारेची जाळी असेल तर खालच्या चार फुटांना हिरवं शेडनेट लावा. रस्ता दिसला नाही की त्यामागची धावपळ पुष्कळ कमी होते. उकरून जाणाऱ्यासाठी कुंपणाच्या पायथ्याशी फुटभर रुंद जाळी आतल्या बाजूला वळवून मातीखाली गाडायची, किंवा शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरायचे. मात्र चैत्र-वैशाखात झाडाखाली उकरणारा कुत्रा पळायला उकरत नसतो. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंज्यांतून, तेवढ्याने अंग निवत नाही, म्हणून तो गार माती शोधतो. सावलीत ओल्या वाळूचा खड्डा करून दिला की कुंपण सुटतं.

नसबंदीचा मुद्दा त्या मजकुरात अर्धा बरोबर आहे. गावठी कुत्र्यांचा माज बहुतेक पावसाळा सरताना येतो. भाद्रपदातल्या कुत्र्यांचा दाखला आपल्या बोलण्यात आला तो त्यातूनच. त्या दिवसांत नर कोणतंही कुंपण मानत नाही. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नसबंदीनंतर सुमारे ९० टक्के नरांचं भटकणं कमी झालं होतं. ठिपक्याचंही भाद्रपदातलं जाणं थांबलं. मारामाऱ्या गेल्या, आणि मिलनातून पसरणाऱ्या, मोकाट कुत्र्यांत नेहमी दिसणाऱ्या गाठींचा धोकाही गेला. म्हणून नसबंदी जरूर करा, मादीची तर करावीच. नसबंदीने राखण सुटते ही भीती बाळगू नका. रात्री फाटक वाजलं की आमचा आजही घर डोक्यावर घेतो. पण 'कायमचा मिटेल' हे खोटं आहे. नसबंदीने माजाचं कारण जातं, कंटाळ्याचं आणि भीतीचं जात नाही. लक्ष्मीपूजनाला ठिपक्या पळाला तो नसबंदीनंतरच.

त्या रात्री शेजारच्या गल्लीत हजारांची माळ लागली आणि तो दिसेनासा झाला. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत, आणि आपल्याला न जाणवणारे बारीक आवाजही त्याला जाणवतात. 'तीनदा पळाला तर सोडून द्या' या हिशोबाने त्याची पाळी कधीच भरली होती. आम्ही कंदील-बॅटऱ्या घेऊन चौघं निघालो. ओरडत धावायचं नाही हे मला तोवर कळलं होतं, घाबरलेला कुत्रा मालकाच्या धावत्या पावलांपासूनही पळतो. म्हणून थोडं चालायचं, थांबायचं, हळू हाक मारायची, ऐकायचं. त्याच्या पट्ट्यावर आमचा फोन नंबर कोरलेला होता. पहाटे पाचला एका शेतकरीदादाचा फोन आला: "ताई, तुमचा ठिपक्या आमच्या मोटारीच्या खोलीत बसलाय, बाहेर येईना."

मी गेले, दारात त्याच्याकडे पाठ करून खाली बसले आणि ओच्यात सुकट ठेवली. दहा-पंधरा मिनिटांनी मागून ओलं नाक कोपराला लागलं.

आता दिवाळीचे चार दिवस दिवेलागणीच्या आधी तो आतल्या खोलीत असतो. खिडक्या बंद, पंखा मोठा, रेडिओ चालू, त्याची गोधडी पलंगाखाली. फार थरथरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर गोळी देतात. ती आठवडाभर आधी विचारून ठेवावी, स्वतःच्या मनाने देऊ नये. रेबीजची लस दरवर्षी त्याच सुमाराला टोचून घेतो, म्हणजे विसर पडत नाही. आणि माळा लावायच्या आधी शेजारची पोरं आता हाक मारून विचारतात, "काकू, ठिपक्या आत आहे ना?"